जुना कागद चमकत नाही

बाड हॉम्बुर्गच्या फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या बाजारात, पाऊस आला की विक्रेते आधी कागद झाकतात, मग स्वतःला.

ईश्वरीचे पाय जुलैतही गार. घरात सदैव लोकरीचे मोजे.

पिन-अप कार्डाची किंमत त्याच्या कोपऱ्यांवर ठरते, वरची बाई कितीही हसरी असो.

युद्धकाळातला कागद अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली काळाच राहतो. पुढे कधीतरी छापलेली नक्कल निळी पेटते.

शार्दूल कर्वे फ्रँकफर्टात मेकॅनिकल इंजिनिअर. कार्डं हा त्याचा सुट्टीतला धंदा. अमेरिकी सैनिकांच्या खिशांतून इथे मागे राहिलेली ती चित्रं हुडकायची, तपासायची, विकायची. टॉर्च नवा आणला तेव्हा खिडकीचं रोलाडेन खाली ओढून, अंधार करून त्याने तो आधी बायकोवरच मारला. ईश्वरीचे दात निळे लखलखले.

"म्हणजे मी नकली?"

"गेनाऊ. रीप्रिंट."

"मग परत करून टाक. पावती ठेवलीयेस का?" तिने उशी फेकून मारली.

खंडेनवमीला दोघांनी टेबलावर लॅपटॉप, व्हर्नियर, गाडीची किल्ली, टॉर्च मांडला. धंद्याचं म्हणून एक कार्डही. निळ्या स्टुलावर बसलेली, लाल पोहण्याच्या पोशाखातली, अनवाणी बाई, खांद्यावरून मागे बघून हसणारी. ईश्वरीने सगळ्यांना कुंकू लावलं. शेवटी कार्डावरच्या बाईलाही.

"अगं, काय केलंस! आता कोण घेणार ते?"

"घरी आलेल्या बाईला तशीच पाठवू?"

कुंकू निघेना. कापूस झाला, मऊ रबर झालं. अखेर येनाच्या लिंडनर नावाच्या म्हाताऱ्याने, ज्याला असल्या डागांचंच वेड होतं, ते तसंच मागवलं.

कार्ड गेलं आणि ईश्वरीचे मोजे सुटले. गार फरशीवर ती अनवाणी फिरू लागली. कपाळ कोरं.

"थंडी नाही वाजत तुला?"

"नाही."

रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. ती पडद्याकडे चित्र बघावं तशी बघत राहिली.

"उचल की, आईचा आहे."

"कोणाच्या?"

डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोकं तपासलं. सगळं ठीक. घरी ती स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसायची, पावलं ताणून, आणि खांद्यावरून त्याच्याकडे बघून हसायची. हसू सुंदर होतं. फक्त ते बदलत नव्हतं. एकदा तिने उशी फेकून मारावी, म्हणून शार्दूल तिला नकली, रीप्रिंट, काय काय चिडवून बघायचा. ती हसत राहायची.

मग लिंडनरचा फोन आला. "आल्झो, हेर कर्वे, तुमचं कार्ड घेऊन जा."

"खराब झालं का?"

"तुम्ही पाठवलेल्या फोटोत ही हसत होती ना?"

शार्दूल पहिल्या गाडीने येनाला गेला. लिंडनरने दार अर्धंच उघडलं, पाकीट हातात दिलं आणि आतून कडी लावली.

कार्डावरच्या बाईने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते, थंडी वाजावी तसे. ओठ किंचित उघडे. काही सांगता सांगता थांबल्यासारखे. कपाळावर कुंकू.

घरी पोचला तेव्हा भर दुपार होती. ईश्वरी स्टुलावर पाठमोरी बसली होती. त्याने रोलाडेन खाली ओढलं. टॉर्च कार्डावर धरला.

कागद काळा. स्टूल काळं.

ओठांच्या फटीत एक बारीक निळी रेघ.

"ईश्वरी," तो म्हणाला. दोघींपैकी कोणाला, ते त्यालाही कळलं नाही.

पाठमोरी होती ती वळली. खांद्यावरून. हसली.

त्याने टॉर्च तिच्याकडे फिरवला.

तोंडात नुसता अंधार.

"ओरिजनल?" तिने विचारलं.

खंडेनवमीला टॉर्चपर्यंत येताच डबीतलं कुंकू संपलं होतं. ईश्वरीने स्वतःच्या कपाळावरचं बोटाने पुसून घेतलं आणि ते त्या बाईला लावलं.