तिसरा रकाना

"वही गेली. पुठ्ठा तेवढा टाकून गेलाय मेला!" म्हणत शिकवणीच्या बाई खुर्चीत मटकन बसल्या.

इंग्रजीची ही शिकवणी बाईंच्या नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चाले. चोऱ्या शोधून देते म्हणून बाईंनी बोलावलेली धाकटी पुठ्ठा निरखू लागली. सोबत आलेली तिची थोरली जाऊ दाराशी टेकली. जिला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, तिला लोकांच्या चोऱ्या सापडतात, हे थोरलीला वर्षानुवर्षं सलत होतं.

"वहीत होतं काय?"

"प्रश्न. डायरेक्टचं इनडायरेक्ट करायच्या सरावासाठी. अकरा वर्षांत लोकांनी मला खरोखर विचारलेले, तीनशे बारा. आज छापायला जायची होती. दुसरी प्रत नाही हो!" बाईंचा आवाज चिरकला. "पहिल्या रकान्यात इंग्रजीत प्रश्न, दुसऱ्यात उत्तर. तिसऱ्यात विचारणाऱ्याचं नाव, आपल्या मराठी अक्षरांत. ते माझ्यापुरतं, कुणाला सांगितलेलं नाही."

वहीच्या पानावर ठेवायच्या त्या पुठ्ठ्याला कापलेल्या खिडक्या दोनच होत्या. तिसरा रकाना कायम झाकलेला.

शेजारच्या वर्गातली मास्तरीण फणकारली. "तिच्याकडे जागा उरली नाही की पोरं माझ्याकडे येतात. जळते मी, लपवत नाही. पण भिंतीपलीकडून ऐकून प्रश्न पाठ झालेत मला. वही कशाला हवी?"

छपाईवाला म्हणाला, "दोन पानं पाहिली, तीही पुठ्ठ्यातून. मलाच मिळणार होती, चोरू कशाला?"

खाली नवरा कापड बेतत होता. "मला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. पुठ्ठा कापून दिला, तेवढाच संबंध." कात्री कचकन चालली. "अकरा वर्षं नुसते प्रश्न! त्या दूधवाल्याचासुद्धा घेतलाय!"

थोरलीला खुदकन हसू आलं. धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने तिने सगळ्यांना वर बोलावलं.

"वही शिकवायला किंवा छापायला नेली असती, तर पुठ्ठाही नेला असता. तो काढला झाकलेलं वाचायला. प्रश्न कुणाचा, हे भिंतीपलीकडून ऐकू येत नाही, खिडकीतून दिसत नाही. इंग्रजी न येणाऱ्याला वहीत वाचता येईल असा रकाना एकच, नावांचा. दादा, दूधवाल्याचं नाव तुम्ही कुठे वाचलंत?"

नवरा खाली गेला आणि कापडाच्या ठाणामागून वही घेऊन आला.

"तीनशे बारा नावं वाचली," तो बायकोला म्हणाला. "दूधवाला आहे, पोस्टमन आहे. बावीस वर्षं संसार केला, मी कुठेच नाही."

"तुम्ही कधी काही विचारलंत का? 'चहा ठेव', 'दिवा मालव'. हे कुठल्या रकान्यात घालू?"

त्याने वही तिच्यापुढे ठेवली. मग तिच्या शाईने माखलेल्या बोटांकडे बघत पुटपुटला, "एवढं लिहून... हात दुखत नाही तुझा?"

बाईंनी वही उघडली. तीनशे तेरावा प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं, आणि तिसऱ्या रकान्यात नुसतं 'हे'.

जिन्यात थोरलीने न राहवून विचारलं, "तुला कधी गं कळलं?"

"तुम्ही दूधवाल्याला हसलात ना, जाऊबाई, तेव्हा. नाहीतर निसटलंच होतं माझ्या कानातून."

 खाली उतरल्यावर धाकटीच्या चपला थोरलीने आधी शोधून दिल्या.