भरतीत मागं राहिलेली मैना

मी अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, ही माझी सवय.

तरीही हे लिहिते आहे, कारण ते घडलं आहे. आमच्याच घराण्यात.

माघ पौर्णिमा, १८६६. सकाळी नऊच्या सुमारास. लख्ख उन्हात.

मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात आमच्या मूळ घराण्याची काळी जमीन होती. कापसाच्या तेजीचे दिवस नुकतेच ओसरत होते. घरचे थोरले महादेवराव कापूस घेऊन मुंबईला जाऊन आले होते. तिथल्या एका दलालानं त्यांना आपलं समुद्राकाठचं घर आठ दिवस राहायला देऊ केलं. तीन बाजूंनी पाणी, अशी समुद्रात लांब घुसलेली जमीन. नाव लिहीत नाही. आज तिथं हॉटेलं आहेत.

महादेवरावांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, हट्ट धरला. धाकट्या जावेला, मैनाला, सोबत न्यायचं. मैना एकोणीस वर्षांची. तीन महिन्यांची गरोदर.

पार्वताबाईंना मूल नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. मैनाचं मूल त्या घरातलं पहिलं मूल होणार होतं, आणि दोघींचं आधीच ठरलं होतं... वाढवायचं दोघींनी.

सासू नको म्हणत होती. "कोणता देव हाये तिथं?"

"देव नाही. हवा हाये," पार्वताबाई म्हणाल्या.

"हवा त आपल्या वावराच्या धुऱ्यावरबी हाये! फुकट!"

शेवटी महादेवरावांची आत्या, मनकर्णाबाई, सोबत निघाली तेव्हा परवानगी मिळाली. "पोरीले नेली तशी आणजो," सासूनं पार्वताबाईंना बजावलं.

अकोल्याहून आगगाडी. पुढं बैलगाडी आणि शिडाचा मचवा. तिसऱ्या दिवशी समुद्र.

जमिनीच्या टोकापुढं एक खडक होता. त्यावर महादेवाचं लहान देऊळ. पहाटे पाणी उतरलं की वाळूची वाट उघडी पडायची.

पौर्णिमेला तिघी दर्शनाला निघाल्या. महादेवराव झोपले होते. वाटेत जाळं विणत बसलेल्या एका कोळणीनं सांगितलं, "पानी भरायच्या आत फिरा, बायांनो."

मनकर्णाबाईंनी आभाळाकडं पाहिलं. एकही ढग नव्हता. "आभाळ कोरं हाये. पूर येईन कुठून?" आणि त्या हसल्या.

त्यांनी आयुष्यभर नाल्याचं पाणी पाहिलं होतं. वर पाऊस पडला तर पाणी येतं. नाही पडला तर येत नाही. भरती हा शब्दही त्यांना माहीत नव्हता.

देवळात त्या रमल्या. मैनाला मळमळत होतं, तिनं आपली शिदोरी सोडलीच नाही. पायरीवर बसून ती पाण्याकडं बघत राहिली.

निघाल्या तेव्हा वाळूवर घोटाभर पाणी होतं.

लुगडी वर खोचली. गाठोडी डोक्यावर घेतली. पुढं पार्वताबाई, मध्ये मनकर्णाबाई, शेवटी मैना.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वेचणीहून परतताना आमच्याकडच्या बायका एकामागं एक चालायच्या. डोक्यावर कापसाचं ओझं, त्यामुळे मान वळवून पाहता येत नसे. म्हणून पुढची 'हाव का वं?', म्हणजे आहेस ना गं, अशी हाक द्यायची आणि शेवटची 'हाव' म्हणून उत्तर द्यायची. उत्तर आलं की सगळ्या आहेत असं समजायचं. मागं कोणी पाहत नसे.

पार्वताबाईंनी हाक दिली. "हाव का वं?"

"हाव," मागून मैनाचा आवाज.

पाणी गुडघ्याला लागलं.

"हाव का वं?"

"हाव."

पाणी मांडीला लागलं. आता ओढ होती. पायाखालची वाळू सरकत होती.

"मैने! हाव का वं?"

"हाव."

तोच आवाज. तितकाच शांत. ना धाप, ना भीती.

मनकर्णाबाईंना मात्र काहीतरी खटकत होतं. पाणी कापत चालण्याचा आवाज... दोघींचाच येत होता. त्यांचा स्वतःचा. आणि पार्वताबाईंचा.

पण उत्तर येत होतं. म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

दोघी काठाला लागल्या. गाठोडी उतरवली. वळल्या.

मागं कोणीच नव्हतं.

वाळूची वाट नव्हती. नुसतं पाणी, चकाकणारं, खडकापर्यंत.

"मैने!" पार्वताबाई ओरडल्या.

आणि त्या मोकळ्या पाण्यातून, दहा हातांवरून, जिथं माणूस काय, साधी काठीसुद्धा दिसत नव्हती तिथून...

"हाव."

त्यानंतर काही नाही.

महादेवराव धावत आले. कोळी होडी घेऊन गेले, पण भरतीत खडकाला होडी लागेना. दुपारी त्यातला एक म्हातारा परत आला तो हसतच.

"घाबरू नका. सुखरूप आहेत. देवळाच्या पायरीवर बसल्यात. तिघी."

"तिघी?" पार्वताबाईंनी विचारलं.

"तिघी. मी मोजल्या ना! हात केला, तर एकीनं हात केला."

मनकर्णाबाईंनी खडकाकडं पाठ केली.

पार्वताबाई जागच्या हलल्या नाहीत. ओहोटी लागेपर्यंत तिथंच बसून होत्या. पाणी नाही, अन्न नाही. मधूनच पुटपुटत होत्या, "नेली तशी आणजो म्हणे... नेली तशी..."

ऊन कलल्यावर वाळू उघडी पडली. कोणी जायच्या आत मैना चालत आली. एकटी. डोक्यावर गाठोडं.

"काहून बसल्या इथं? चला ना."

"कुठी थांबली होती वं तू?" पार्वताबाईंनी तिचे दंड धरले.

"मी कुठी थांबली? तुमी दोघी त माया संगच होत्या. आताच त पुढं निघाल्या."

"अन् दिवसभर?"

"कोणता दिवसभर, बाई?"

तिचं लुगडं कोरडं होतं. काठसुद्धा.

रात्रीच्या जेवणासाठी मनकर्णाबाईंनी तिची शिदोरी सोडली. पहाटे बांधलेला भात.

तो कोमट होता.

कापडात बांधलेला मूठभर भात बारा तास कोमट राहत नाही. मी हे फळ्यावर समीकरण मांडून किती वर्षं शिकवलं. त्या दिवसाची भरती-ओहोटीही मी मोजून पाहिली. पौर्णिमा, भरती दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. सगळं जुळतं.

भात जुळत नाही.

मैनाबाई पुढं चाळीस वर्षं जगल्या. हसायच्या, भांडायच्या, वेचणीला सगळ्यांच्या पुढं असायच्या. त्यांच्यात काही वेगळं होतं असं गावात कोणी कधी म्हटलं नाही.

श्रावणात त्यांना मुलगी झाली. धडधाकट.

तिची वाट सगळ्यांत जास्त पाहिली होती ती पार्वताबाईंनी. पण सुईणीनं बाळ पुढं केलं तेव्हा त्यांनी हात मागं घेतले. सव्वा महिना त्या बाळाला शिवल्या नाहीत. दारातून पाहायच्या. पुढं त्यांनीच तिला वाढवलं, जीव लावला. शेवटच्या आजारात त्यांनी ही हकीकत तिला सांगितली, माफी मागितली आणि म्हणाल्या, "पाण्यात राहिली ते कोण, अन् घरी आली ते कोण, मले अजूनबी समजलं नाही, बेटा."

ती मुलगी माझी पणजी.

हे मला आजीनं सांगितलं तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. मी हसले होते. आजी हसली नाही. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ, अगदी निरखून, पाहत राहिली.

काय शोधत होती, ते मी विचारलं नाही.