ओवलेल्या सुया

निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी भरतकाम हाती घेतलं, तेव्हा सुनेला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण मॅटीच्या कापडावर फुलीचे टाके पडत गेले. वर अक्षरांच्या ओळी झाल्या, त्याखाली वेल, आणि वेलीखाली एकमेकांकडे पाठ केलेले दोन पक्षी.

"हे रुसलेत का?" सुनेनं विचारलं.

"नमुन्यात समोरासमोर आहेत. मीच घरं उलटी मोजली," सासूबाई म्हणाल्या. "आता उसवायचं जिवावर येतंय. राहू देत रुसलेले."

हसता हसता सून शेजारी बसली ती बसलीच. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसभर पेशी मोजायच्या आणि घरी येऊन कापडाची घरं. तरी या मोजण्यात तिला विसावा मिळे. रिंगेत ताणलेल्या कापडातून सुई टपकन वर यायची, मागून दोरा सुळकन सरकायचा, आणि डोक्यातली प्रयोगशाळा हळूहळू मिटायची.

वैताग होता तो दोरा ओवण्याचा. सासूबाईंना मोतीबिंदू आणि सुनेचे डोळे शिणलेले. पण अलीकडे तोही उरला नव्हता. सुयांच्या उशीत सकाळीच सुया ओवून ठेवलेल्या असायच्या, आणि त्या दिवशी जो रंग लागेल नेमक्या त्याच दोऱ्यानं. आईंचं आपल्यावर किती लक्ष आहे, असं सुनेच्या मनात येई. तोंडानं बोलून दाखवायची दोघींनाही सवय नव्हती. मग ती न सांगता त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळून देई, आणि सासूबाई दुधावरची सगळी साय तिच्या वाटीत लोटत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघाली. सासूबाईंनी सुई खिडकीच्या उजेडात धरली.

"नेढं लख्ख दिसतंय गं! आता तू नको ओवत बसूस. सकाळच्या घाईत माझ्यासाठी किती खपतेस."

सुनेचा टाका अर्ध्यावरच राहिला.

"मी कुठे ओवते, आई? तुम्हीच ओवता ना?"

"मला दिसत होतं का ओवायला?"

सुनेनं रिंग खाली ठेवली.

"मग तुमचा मुलगा?" सुनेनं चाचरत विचारलं.

"तो? बटण लावायला सांगितलं तर बाही शिवून टाकेल. आणि तो कामासाठी परगावी जाऊन महिना होत आला."

प्रयोगशाळेत शंका आली की तपासणी पुन्हा करायची. सुनेनं सगळ्या सुयांमधले दोरे काढले, उशी आणि दोऱ्यांच्या लड्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स उशाशी घेतली.

सकाळी दोघींनी मिळून कपाट उघडलं. सुया ओवलेल्या होत्या. सगळ्या हिरव्या, एक विटकरी.

"आज नुसती पानं भरायचीत. विटकरीचं काय काम?" सून म्हणाली. चूक सापडल्यानं तिला जरा बरंच वाटलं. "बघा, चुकतं म्हणजे."

सासूबाईंनी नव्या डोळ्यांनी नमुना न्याहाळला. पानांच्या देठाशी विटकरी टाके होते, अगदी बारीक. दोघींच्याही नजरेतून सुटलेले.

सुनेच्या अंगावर काटा आला.

"ही उशी टाकून देऊ, आई."

"वाईट काय केलंय त्यानं?"

"पण कोण..."

"ते मला नाही ठाऊक." सासूबाईंनी तिला खिडकीपाशी शेजारी बसवलं. "तू ओवतेस असं वाटून तुझ्यावर जीव जडला. आता तू ओवत नव्हतीस म्हणून तो काय परत घेऊ?"

सुनेचे डोळे भरून आले. तिनं विटकरी दोरा ओढून काढला, रिकामी सुई उशीत खोचली आणि उशी मांडीवर ठेवली. सासूबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

बाहेर लख्ख ऊन होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

सासूबाईंची नजर खाली गेली. मग सुनेची.

सुईत विटकरी दोरा होता.

सुनेनं एक हात सोडवून घेतला आणि नेढ्यातून लोंबणारं टोक चिमटीत धरलं.

ते ओलं होतं. कुणीतरी आत्ताच ओठांत धरून भिजवावं तसं. आणि अजून कोमट होतं.