बुधवारचं पाणी

एलिममध्ये पाण्याला घड्याळ होतं. डोंगरातून येणारा पाट एक आणि शेतं चाळीस, त्यामुळे ज्याची त्याची पाळी मिनिटांनी ठरलेली. आपल्या वेळेला फावडं घेऊन पाटाच्या दारावर हजर राहायचं आणि फळी उचलायची. कुणी आलं नाही तर पाणी पुढच्या शेताला. मग तुम्ही बिशपचे जावई असलात तरी बसा आठवडाभर कोरडे. त्या उजाड मुलखात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची ही वस्ती तगली होती ती याच नियमावर.

झेल्फाची पाळी बुधवारी, दुपारी बारा ते पावणेदोन. नवरा, लोरिन, धर्मप्रचारासाठी स्वीडनला गेलेला. चर्चचं बोलावणं आलं की शेत, बायको, तान्हं मूल मागे ठेवून दोन वर्षं जायचं, ही इथली रीत. रडायचं ते दार लावून. जाण्याआधी त्यानं पीचची साठ रोपं लावली होती. "एवढी जगव," म्हणाला होता. एकोणीसशे अकराचा तो ऑगस्ट असा तापला होता की एक पाळी चुकली असती तर रोपांचा निकालच लागला असता.

आणि नेमकी बुधवारीच अकरा महिन्यांची लवीना तापानं फणफणली. सासूबाई गुडघ्यांनी अधू. बारा वाजले, साडेबारा झाले. पोरीला छातीशी धरून झेल्फा खिडकीशी आली आणि पाहते तर सऱ्यांतून पाणी चमकत होतं. साठच्या साठ रोपांच्या बुडाशी, अगदी सारखं.

संध्याकाळी पाटकरी ब्रदर टॉलमन आला. डोळ्यांत तेल घालून दारं राखणारा माणूस. वस्तीत सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत.

"सिस्टर, गडी ठेवलात आणि मला सांगितलंसुद्धा नाही?"

"कुठला गडी?"

"अहो, बाराच्या ठोक्याला दारावर उभा होता. काळी टोपी. मी हाक मारली तर नुसती टोपी उचलली, बोलला नाही. पण पाणी काय धरतो! माझ्या पोरांनी शिकावं त्याच्याकडून."

लवीनाचा ताप तीन आठवडे हटला नाही. तीनही बुधवारी पाणी आलं.

सासूबाईंनी हात जोडले. "अगं, हा तिघांतला एक! दुसरा कोण असणार?"

येशूनं या खंडावर येऊन आपल्या तीन शिष्यांना अमर केलं, ते अजून फिरतात, अडल्यानडल्याच्या दारी येतात, पाव मागतात, ही इथली श्रद्धा. गावभर बातमी झाली. झेल्फानंही श्रद्धेनं एक पाव फडक्यात बांधून पाटाच्या दाराच्या खांबावर ठेवला. संध्याकाळी पाव नव्हता. फडकं दगडाखाली होतं, त्रिकोणी घडी घातलेलं. वर चिखलाचे ठसे, तीन बोटांचे.

ती तिथंच खाली बसली.

ही घडी तिनं पाहिली होती. जानेवारीत तिच्या कोठारात एक ग्रीक मजूर सापडला होता, कोळशाच्या खाणीतून निघालेला, छाती भरलेली. डाव्या हाताला तीनच बोटं. नऊ दिवस तिनं त्याला दूध-पाव दिला. रोज तो खाऊन झाल्यावर वाटी घासायचा आणि फडक्याची त्रिकोणी घडी घालून वाटीखाली ठेवायचा. दहाव्या दिवशी गेला. तो आपल्यातला नाही म्हणून गावानं त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. फळी ठोकली, पण तीवर लिहायचं काय? नाव कुणाला माहीत नव्हतं. खुद्द झेल्फानंही विचारलं नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती कृतज्ञता, आणि त्याहून जास्त लाज.

सप्टेंबरचा पहिला रविवार उपासाचा. त्या दिवशी सभेत ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवाचे आभार मानायचे. एकामागून एक उठत होते, एलिमवर केवढी कृपा झाली ते सांगत होते. शेवटी झेल्फा उठली.

"मीही आभार मानते," ती म्हणाली. "पण तो तिघांतला नाही. कुंपणाबाहेर झोपवलाय ना, तो आहे. खाल्ल्या अन्नाला जागला. आपण कशाला जागलो?"

मग मागून टॉलमन म्हणाला, "पोरीच्या तापानं थकल्यात सिस्टर. त्या ग्रीकाला पाटाचं काय कळणार?" दोघंचौघं हसले.

"हात पाहिलात का त्याचा, ब्रदर? डावा?"

टॉलमन आपल्या डाव्या हाताकडं पाहू लागला.

बिशप हॅन्सन वयस्कर माणूस, मनानं मऊ. "कुंपण हलवायला कितीसा वेळ लागतो," ते एवढंच म्हणाले.

शनिवारी पाच जण पहारी घेऊन दफनभूमीच्या टेकडीवर चढले. जमीन दगडासारखी, पहार टणकन उडायची. त्या ग्रीकाच्या कबरीपाशी आली तेव्हा मात्र मुठीपर्यंत आत गेली.

टॉलमन गुडघ्यांवर बसला. त्यानं मूठभर माती उचलून दाबली. बोटांमधून पाणी ठिबकलं.

"इथवर पाणी चढतच नाही," तो म्हणाला. जन्मभर पाणी वाटणारा तो माणूस चार वेळा तेच म्हणाला. मग टोपी काढली आणि कुंपणाचे खांब सगळ्यांत वेगानं त्यानंच रोवले.

पुढच्या बुधवारी लवीना ठणठणीत होती. झेल्फा बाराला दारावर गेली. कुणी नव्हतं. फळी तिनं स्वतः उचलली, रोपं भिजवली. साठही हिरवीगार. खांबावर ठेवलेला पाव पावणेदोनला तसाच होता.

फडकं मात्र नव्हतं.

घरी आली तर सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. "कोण गं आलं होतं? मला वाटलं लोरिनच. पोर इतकी खिदळत होती!"

दाराला तर जाताना तिनंच बाहेरून कडी घातली होती.

टेबलावर लवीनाची वाटी घासून ठेवलेली. खाली फडकं, त्रिकोणी. त्यावरचा चिखल ओला होता.

झेल्फानं फळीवरून आणखी एक वाटी काढली, दूध ओतलं, पाव कापला आणि रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तेव्हाच विचारायचं होतं. नाव काय तुमचं?"

लवीना अजून 'आई'सुद्धा म्हणत नव्हती. तिनं खुर्चीकडं वर पाहिलं, माणसाच्या तोंडाकडं पाहावं तसं. थोडा वेळ ऐकत राहिली.

मग वळून आईला स्पष्ट सांगितलं, "थानासिस."