नुसते घोरत होता, अप्पा!

"कुणी फोडलं?... मी विचारतो, कुणी फोडलं?"

अप्पांची मूठ जेवणाच्या टेबलावर आदळली, पाण्याचे पेले थरथरले, आणि थोरल्या सुनेच्या हातातला भाताचा डाव वाटेतच थांबला. दोन कर्त्या मुलांच्या समक्ष सासऱ्यांनी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर एकट्या तिला ठाऊक होतं. आणि ते उत्तर तिच्या समोरच बसलं होतं... गळ्याशी रुमाल खोचून, डोळ्यांत अंगार पेटवून, भाताची वाट बघत!

झालं होतं ते असं. पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलसाहेबांचा फोन आला होता. टेलिफोनच्या धंद्यातल्या एका मासिकात अप्पांचा शोध छापून आला होता... कपाट, नळ्या, सगळं सगळं... आणि तेही अप्पांचा अर्ज कचेरीत दाखल व्हायच्या आधी! या बाबतीतला नियम असा, की शोध आधी कचेरीत नोंदवायचा आणि मगच जगाला सांगायचा. आधी जगाला कळला की तो जगाचा झाला. शोधणाऱ्याने मग कपाळाला हात लावून बसावं. अप्पा कपाळाला हात लावणाऱ्यांतले नव्हते, म्हणून त्यांनी तो टेबलाला लावला होता.

शोध तसा साधा होता. रस्त्याच्या कडेला टेलिफोन कंपनीची लोखंडी कपाटं उभी असतात. आतली यंत्रं तापतात, पंख्यांत धूळ जाते, पंखे बंद पडतात आणि भर दुपारी अर्ध्या वस्तीचे फोन मुके होतात. अप्पांचा जन्म ती कपाटं दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत तसंच एक कपाट उभं केलं, पंख्यावाचून गार राहणारं. तांब्याच्या बंद नळीत थोडा द्रव. तळाशी तापला की वाफ होऊन वर चढायचा, वर निवला की आपसूक खाली उतरायचा. "आमच्या हिच्या रागासारखं!" अप्पा दिवंगत पत्नीच्या फोटोकडे बघून म्हणायचे. "तापली की वर, निवली की मुकाट्याने पुन्हा कामाला!"

त्या खोलीला कुलूप असे, आणि किल्ली अप्पांच्या गळ्यात. बाहेर कपाटाचं नाव काढायचं नाही. काढावंच लागलं तर 'मावशी' म्हणायचं. "मावशी तापलीय का बघ रे!" "मावशीच्या पोटात आज फार गुडगुडतंय." हे ऐकून ऐकून शेजारणीची खात्रीच पटली होती, की या घरात कुणी एक मावशी अंथरुणाला खिळून आहे. ती बिचारी अधूनमधून मावशीसाठी फळं आणून द्यायची आणि धाकटा ती मावशीच्या वतीने खायचा.

एवढा बंदोबस्त का, तर तरुणपणी अप्पा एकदा पोळले होते. एक कल्पना त्यांनी जिवलग मित्राला भाबडेपणाने सांगितली, आणि मित्राने ती स्वतःच्या नावावर नोंदवली. त्या दिवसापासून अप्पांनी तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि त्या कुलपाचा त्यांना विलक्षण अभिमान होता. "या अप्पाच्या पोटातलं सुई टोचली तरी बाहेर यायचं नाही!" ते छाती ठोकून सांगत.

...आणि दैवाची थट्टा बघा, सुई टोचल्यावरच ते बाहेर आलं!

अप्पांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. मुलं औषधं आणायला खाली गेली होती, खाटेजवळ एकटी थोरली सून होती. भुलीचं औषध उतरता उतरता अप्पांनी एक डोळा उघडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "सज्जनहो!" ती घाबरून म्हणाली, "अप्पा, पडून राहा हो, सगळे ऐकताहेत!" पण ऐकताहेत म्हटल्यावर अप्पांना जास्तच चेव आला. तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला, तर त्यांनी तोच हात पकडला, नळी म्हणून उभा धरला, आणि वाफ कोपरापासून मनगटापर्यंत कशी चढते ते साऱ्या वॉर्डाला समजावून दिलं. शेवटी त्यांचा आवाज बुडवायला ती जिवाच्या आकांताने एकोणतीसचा पाढा म्हणू लागली! पण एकोणतीसचा पाढा तिला शाळेतही कधी आला नव्हता; सातव्या ओळीला ती अडली. व्याख्यान संपलं तेव्हा वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये अडकवून पडलेला एक गृहस्थ मात्र टाळ्या वाजवत नव्हता; तो लिहून घेत होता.

घटकाभराने अप्पा खरे शुद्धीवर आले. पहिला प्रश्न त्यांनी तिला विचारला, अगदी लहान मुलासारखा, धास्तावून. "सूनबाई... मी काही बोललो नाही ना गं?"

त्या सुरकुतल्या चेहऱ्यावरची ती भीती! तिचं काळीज गलबललं. "नाही अप्पा," ती म्हणाली, "नुसते घोरत होता."

आणि आता तो गृहस्थ मासिकवाला निघाला होता.

"मावशीचं गुपित घरातलंच," थोरला म्हणाला. "आईच्या रागाचं उदाहरणसुद्धा छापलंय त्यांनी. म्हणजे घरातूनच फुटलं!" अप्पांनी गळ्याचा रुमाल ओढून काढला. "पुन्हा..." ते पुटपुटले, "पुन्हा आपल्याच माणसाने..." आणि तिच्या मनात आलं, हे आपलं माणूस कोण ते या म्हाताऱ्याला कळलं, तर आयुष्यभराचा जो एकच अभिमान उराशी धरून हा जगतोय, तोही गेला की! एक शोध तर गेलाच होता. निदान माणूस तरी वाचावा!

"मी बोलले," ती म्हणाली.

"तू?"

"शेजारच्या खाटेवरच्या माणसापाशी... बोलता बोलता तोंडातून गेलं." एवढं सांगून तिने भात वाढला. कुणी खाल्ला नाही. धाकट्याने थोडा खाल्ला.

त्यानंतर त्या साध्वीच्या वनवासाला आरंभ झाला. ती खोलीत आली की बोलणी थांबत. बापलेक एकमेकांना खुणा करत, आणि त्या खुणा त्यांनाच कळत नसल्यामुळे पान्याऐवजी हातोडी येई. मागच्या खोलीचं दार तिला बंद झालं. ज्या मावशीवरची धूळ तिने स्वतःच्या हाताने पुसली होती, तिची गुडगुड आता तिने भिंतीपलीकडून ऐकायची! सर्वांत जिव्हारी लागलं ते नवऱ्याचं वागणं. दिवसभरात काय झालं ते तिला सांगितल्याशिवाय ज्याला चैन पडत नसे, तो आता विचारल्यावर म्हणे, "काही विशेष नाही." उशीत तोंड खुपसून ती रडली... आणि सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरले.

अप्पा मात्र खचले नाहीत. ऑपरेशननंतर गुडघ्यावर ठेवायची बर्फाची पिशवी गळायची आणि त्यांचं अंथरूण भिजायचं. त्यावरून त्यांना नवी कल्पना सुचली... तीच युक्ती, पण पट्ट्यात! गुडघ्याची उष्णता बारीक नळ्यांतून वर नेऊन सोडायची, बर्फ नको, पाणी नको. धाकटा दवाखान्यांना उपकरणं विकायचा, तो तर नाचायलाच लागला. अर्ज तयार झाला, अप्पांनी सह्या केल्या. आणि तेवढ्यात डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली!

थोरल्या सुनेच्या पायांखालची जमीनच सरकली. पुन्हा भुलीचं औषध! पुन्हा 'सज्जनहो'!

"अप्पा," ती चाचरत म्हणाली, "अर्ज ऑपरेशनच्या आधीच दाखल करा ना..."

"शोध फोडणारीने मला शहाणपण शिकवू नये," अप्पा म्हणाले. सह्या करून त्यांचं काम झालं होतं. दाखल कधी करायचं ते त्यांनी वकिलांवर सोपवलं होतं.

मग ती वकिलांकडे गेली. वकीलसाहेब निवांत गृहस्थ. घाई हा शब्द ते फक्त पक्षकारांच्या तोंडून ऐकत. ती त्यांच्या कचेरीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. कारण विचारलं की डोळ्यांना पदर लावी आणि म्हणे, "ते मला सांगता यायचं नाही, पण दाखल करा." तिच्यामुळे कचेरीतला एकुलता एक पंखा तिच्याकडे वळवावा लागे, आणि वकीलसाहेबांना घाम सोसवत नसे. अखेर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते वैतागून उठले आणि अर्ज दाखल करून आले.

ऑपरेशनच्या दिवशी तिने नवऱ्याला विनवलं, "अहो, आज अप्पांजवळ मी एकटीच थांबते. तुम्ही दोघं घरी जा."

"तुला?" नवरा म्हणाला. "भरल्या वॉर्डात? गेल्या वेळचं विसरलीस?" तिला बाहेरच्या बाकावर बसवून दोघे मुलगे बापाच्या उशाशी पहारेकऱ्यांसारखे उभे राहिले. ती बाकावर डोळे मिटून वाट पाहत राहिली.

"सज्जनहो!"

आलं! दाराच्या फटीतून तिला सगळं ऐकू येत होतं. "गुडघा म्हणजे काय? गुडघा म्हणजे टेलिफोनचं कपाट!..." मग धाकट्याचा भेदरलेला आवाज, "अप्पा! अप्पा, गप्प बसा!" मग काहीतरी पडलं. मग तिच्या नवऱ्याने, त्या गंभीर माणसाने, घसा फाडून एकोणतीसचा पाढा सुरू केला, आणि तोही तिच्याच ठिकाणी अडला.

तिला हसू आलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, दोन्ही एकदमच.

"अहो, कशाला दमताय?" आतून नर्सबाई म्हणाल्या. "गेल्या खेपेलाही आजोबांनी असंच भाषण दिलं होतं. मासिकवाले शेजारीच होते, उतरवून घेत होते. त्या तुमच्या घरच्या ताई बिचाऱ्या पाढे म्हणून म्हणून घसा बसवून घेत होत्या!"

पाढा थांबला.

दार उघडून नवरा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. "अगं..." तो म्हणाला. तो तिच्याजवळ बाकावर बसला, भर दवाखान्यात तिचा हात हातात घेतला. "एवढे दिवस... एकटीने... आणि मी तुला..."

"वहिनी!" धाकटा धावत आला. "मी आधी तुमच्या पाया पडतो, पण शोध गेला हो! अख्ख्या वॉर्डाने ऐकला!"

"काल दाखल झालाय," ती डोळे पुसत म्हणाली. "वकिलांना विचारा."

धाकट्याने फोन लावला, ऐकलं आणि तिथेच तिच्या पायांशी बसकण मारली.

ते तिघे आत गेले तेव्हा अप्पा शुद्धीवर येत होते. अप्पांनी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तोच तो धास्तावलेला, पोरका प्रश्न विचारला. "मी... काही बोललो का रे?"

थोरल्याने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "नाही अप्पा. नुसते घोरत होता."

अप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्यात समोरच्या खाटेवरून एक आजी म्हणाल्या, "अहो, तो पट्टा बाजारात कधी यायचा? माझे तर दोन्ही गुडघे गेलेत!"

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांची नजर आजींवरून हळूहळू सुनेकडे वळली.

"सूनबाई... आणि गेल्या वेळी?"

तिने मान खाली घातली. "गेल्या वेळीही घोरतच होता, अप्पा."

त्या अभिमानी म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून उष्ण आसवांच्या धारा लागल्या! "पोरी, मी तुला शोध फोडणारी म्हटलं गं!... आणि तू माझं तोंड झाकत बसलीस!" त्यांनी हात जोडले, तिने ते घट्ट धरून खाली आणले आणि तीही हमसून हमसून रडली. नर्सबाई रडल्या. समोरच्या आजी तर कधीपासून रडत होत्या.

ऑपरेशनपूर्वी काढून ठेवलेली किल्ली थोरल्याच्या खिशात होती. अप्पांनी ती मागून घेतली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. "आजपासून ही तुझ्याकडे. या घरात तोंड बंद ठेवता येणारं माणूस एकच आहे."

तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, डोळे पुसले आणि उठली.

"मी जरा घरी जाऊन येते," ती म्हणाली. "सकाळपासून मावशीकडे कुणी बघितलं नाही. तापली असेल."

ती गेल्यावर समोरच्या आजींनी नाक पुसलं. "काय माया म्हणायची!" त्या नर्सबाईंना म्हणाल्या. "एवढ्या धावपळीतही आजारी मावशीची आठवण ठेवली!"

तिन्ही बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं घट्ट मिटून घेतली.