सव्वादोनची सही

जेवणाचा डबा धुऊन मोठ्या सिस्टर आयसीयूत परतल्या. चांगली टळटळीत दुपार होती. तिसऱ्या खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई व्हेंटिलेटरवर होती. नळीतून रक्त येत होतं, लघवी लाल, पायांवर जांभळे ठिपके. महिन्यापूर्वी अशीच एक बाई इथे गेली. शरीरच स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या कुरतडत होतं, आणि मोठे डॉक्टर आपले "न्यूमोनिया, न्यूमोनिया" करत बसले. रिपोर्ट आला तेव्हा खाटेवर नवी चादर पडली होती. पण चूक कबूल करतील तर शपथ! पडलो तरी नाक वर.

सिस्टर लोक त्यांना पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणत. आज सकाळी सर्वज्ञांनी पुन्हा तोच पाढा लावला होता.

"सर, स्टेरॉइड सुरू करू या का? मागच्या वेळी..."

"सिस्टर, तुम्ही चादरी बदला. डोकं मी चालवतो."

म्हणे डोकं! असतं तर चाललं नसतं? पण त्यांच्या सहीशिवाय औषधाचा थेंब देता येत नव्हता, आणि औषधाशिवाय बाई उद्याची सकाळ बघणार नव्हती. बाहेर बाकावर तिचा नवरा बसून होता.

सव्वादोनला दार उघडलं. सर्वज्ञ आत आले. बुटांचा आवाज नाही. स्पिरिटच्या वासात ओल आलेल्या भिंतीचा वास मिसळला. त्यांनी तीन दिवसांचं स्टेरॉइड लिहिलं, सही केली.

"मागच्या वेळी माझं चुकलं, सिस्टर... हिला वाचवा."

सिस्टरांच्या अंगावर काटा आला. वीस वर्षांत त्या तोंडून 'चुकलं' कधी निघालं नव्हतं. पण सही हातात होती. त्यांनी लगेच इंजेक्शन लावलं.

पाचला सर्वज्ञ बूट आपटत आले.

"हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच, सर. माझ्यासमोर."

"सव्वादोनला मी वर सभागृहात भाषण करत होतो! शंभर माणसांसमोर!"

मग त्यांनी अक्षर नीट पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं, सहीसुद्धा. पण माघार घेतील तर ते सर्वज्ञ कसले! कागद टराटरा फाडला.

"उद्याचा डोस बंद."

टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरांनी उचलला. पलीकडचा आवाज दोघांनाही स्वच्छ ऐकू आला. आवाज सर्वज्ञांचा होता. समोरच्या सर्वज्ञांचं तोंड मिटलेलं होतं.

"सिस्टर, उद्याचा डोस चुकवू नका... आणि तो समोरचा मूर्ख आहे ना, त्याला बसवून ठेवा. मी खाली येतोय..."

सिस्टरांनी सर्वज्ञांपुढे खुर्ची सरकवली.