शेवटचा भाग झाला की सांगेन

डोळे मिटा पाहू. आता एक खोली मनात आणा. जमिनीखालची, एकही खिडकी नसलेली, भिंतींना जाड कापड लावलेली. तिथे टाळी वाजवली तर आवाज तळहातातच विरून जातो, परत येत नाही. समोर पडदा, पडद्यापुढे चार माइक, भिंतीला लागून खुर्च्या. खोलीचं दार इतकं जड की उघडायला खांदा लावावा लागतो. आणि लाल दिवा लागला की आत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. दिसली खोली? मग डोळे उघडायची घाई करू नका. आपल्याला तिथेच जायचं आहे.

तोक्योतल्या एका उतरत्या गल्लीत ही खोली होती. शेहेचाळीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका पावसाळी संध्याकाळी, हिसानो नावाची एकवीस वर्षांची मुलगी त्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. पडद्यावरच्या चित्रांना आवाज द्यायचा, हे तिचं काम, आणि त्या कामाचा तो पहिलाच दिवस. सगळ्यात नव्या माणसानं दाराजवळ बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दार उघडून धरायचं, असा तिथला रिवाज होता. बाकी सगळे येऊन बसले होते. शेवटी एक उंच तरुण आला. केसांतून पाणी निथळत होतं. हिसानोनं खांद्यानं दार ढकललं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "शुभ संध्याकाळ."

खुर्च्यांमधून कुणीतरी खुदकन हसलं. तो मात्र हसला नाही. दारातच थांबून हळूच म्हणाला, "इथे सुप्रभात म्हणायचं. बाहेर कितीही वाजले असू देत, या दाराच्या आत सकाळच असते."

"मग इथे रात्र कधी होते?"

"मी तरी अजून पाहिली नाही…"

त्याचं नाव तोकुजी नागुमो. वय सव्वीस, पण आवाज असा खोल की त्याला नेहमी म्हाताऱ्यांचीच कामं मिळत. आजही तेच होतं. डोंगरातल्या घाटावर चहाचं दुकान चालवणारे एक आजोबा आणि त्यांचा सात वर्षांचा नातू मामेता, अशी ती मुलांची मालिका होती. आजोबा तोकुजी, आणि मामेता आपली हिसानो. तिच्या आवाजात एक खट्याळ मुलगा दडलेला होता, हे तिला स्वतःलाही नुकतंच कळलं होतं.

लाल दिवा लागला. हिसानो माइककडे निघाली आणि तिच्या रेनकोटाची सळसळ सगळ्या खोलीत पसरली. काचेपलीकडून दिग्दर्शकांनी काम थांबवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. रेनकोट काढावा तर आत पातळ झंपर, आणि खोली थंडगार. तिचे दात वाजू लागले, तेही माइकला ऐकू गेले. तेव्हा तोकुजीनं आपलं लोकरीचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. लोकर आवाज करत नाही, एवढंच तो म्हणाला.

त्या जाकिटाला एक विचित्र वास होता.

"तुमच्या खिशात काही नासलंय का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मुळा आहे. मधात मुरवलेला. घशाला चांगला असतो."

"अशानं कुणी जवळ उभं राहणार नाही तुमच्या."

"तुम्ही आहात की… एका हातावर."

माइक चार आणि माणसं बारा, त्यामुळे दोघांना एकाच माइकपुढे उभं राहावं लागे. तो डावीकडे, ती उजवीकडे. हिसानोची खरी अडचण निराळीच होती. हातातल्या कागदावर वाक्य वाचायचं, त्याच क्षणी पडद्यावर मामेताचं तोंड उघडलेलं पाहायचं, हे तिला जमेना. ती वाक्य एक श्वास उशिरा घेई. यावर तोकुजीनं तोड काढली. पडदा तो पाहील, कागद तिनं पाहावा. मामेताचं तोंड उघडायच्या क्षणी तो तिच्या डाव्या कोपराला बोट टेकवील.

"एकदा टेकलं की बोलायचं. दोनदा टेकलं की थांबायचं," त्यानं समजावलं.

"आणि तीनदा?"

त्यानं मुळ्याची फोड तोंडात टाकली आणि पडद्याकडे बघत राहिला. "त्याला अजून वेळ आहे. शेवटचा भाग झाला की सांगेन."

"आणि मालिका संपलीच नाही तर?"

"मग बरंच झालं. दर गुरुवारी तुमच्या शेजारी उभा राहीन."

मालिका सव्वीस भागांची ठरली होती. पण मुलांना मामेता इतका आवडला की सव्विसाचे बावन्न झाले, बावन्नाचे शंभर. शंभराव्या भागाला हिसानोनं नुसतीच भुवई उंचावली. तोकुजीनं मान हलवली… नाही, अजून शेवटचा नाही. तिला हसू आलं. दिवा लाल होता, म्हणून ते तिनं गिळलं. दर गुरुवारी ती लोकरीचं जाकीट घालून यायची. ते परत कर, असं तो कधी म्हणाला नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात तो खोकू लागला. लाल दिवा असेपर्यंत खोकला दाबून धरायचा आणि दिवा विझला की भिंतीकडे तोंड करून वाकायचा. हिसानो त्याला डॉक्टरांकडे जा म्हणून रागावली, तेव्हा आजोबांच्या आवाजात तो तिला म्हणाला की मामेता, तू आधी आपला चहा बघ. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तिच्या हातात कागद आले, त्यांवर आजोबांच्या नावापुढे पेन्सिलीनं दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलं होतं. त्याच पहाटे तोकुजी गेला होता. न्यूमोनियानं.

अंत्यविधीला ती सहकाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली, उदबत्ती लावली, वाकली आणि बाहेर आली. मोठ्यानं रडायला काहीतरी नातं लागतं. तिच्याकडे नुसतं एक जाकीट होतं.

पुढच्या गुरुवारी ती माइकपुढे आली. नवे आजोबा बिचारे संकोचून तिच्या उजवीकडे उभे राहिले. दिवा लागला. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. पडदा दिसेना, कागद दिसेना. मामेताचं वाक्य आता येणार, चुकणार… आणि मधात मुरलेल्या मुळ्याचा वास आला. डाव्या कोपराला गार बोट टेकलं. एकदाच.

ती बोलली. अगदी वेळेवर.

मग तिनं डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. गालिच्यावर मात्र दोन मोठ्या पावलांएवढी जागा दबलेली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

त्यानंतर हिसानोचं वाक्य कधीच चुकलं नाही. धाकटी मंडळी तिला बाई म्हणू लागली, तिच्याकडून शिकू लागली. मामेता मात्र सातच वर्षांचा राहिला. त्या दाराच्या आत सकाळच होती. एकदा एक नवखा नट तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिला आणि चालू कामात कान धरून बाजूला झाला. कुणीतरी कानाशी श्वास घेतला म्हणाला, थंडगार. तेव्हापासून ती जागा कुणी घेत नसे. त्याबद्दल कुणी बोलतही नसे. काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला बसणाऱ्या मोरिवाकींनी फक्त एकदा, चहा पिताना, तिला सांगितलं होतं की मामेताच्या प्रत्येक वाक्याआधी दोन श्वास ऐकू येतात. एक तुमचा. दुसरा मी कापून टाकतो.

लग्नाची स्थळं आली, गेली. आई चिडली की हिसानो म्हणे, गुरुवारी मला काम असतं. आईला वाटे पोरगी थट्टा करते आहे.

आणि मग यंदाच्या वसंतात हिसानोनं स्वतःचा आवाज ऐकला. मामेता डोंगर चढत हाक मारत होता, आणि त्या हाकेच्या टोकाला एक म्हातारी खोकली. मोरिवाकींनी तेही गुपचूप कापलं असतं. पण ती रात्रभर जागी राहिली. जागा सोडली नाही तर मामेता म्हातारा होईल, आणि लाखो पोरांचा मित्र असा म्हातारा करायचा हक्क तिला नव्हता. जागा सोडली तर… तर गुरुवारचं ते बोट पुन्हा कधी टेकणार? मालिका पुढे चालतच राहणार होती. शेवटचा भाग तिच्या हयातीत येणारच नव्हता. मग त्याचं राहिलेलं बोलणं कोण ऐकणार?

सकाळी तिनं कार्यालयात जाऊन सांगितलं की मामेताला नवा आवाज शोधा.

नवा आवाज मिळाला तो अकरा वर्षांच्या मियोरीचा. शेवटच्या गुरुवारी, दुपारी, ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. नव्या माणसाची खुर्ची. हिसानो आली तेव्हा मियोरीनं दोन्ही हातांनी दार ढकलून उघडलं, "सुप्रभात, बाई," म्हणाली आणि जाकिटाकडे निरखून पाहत राहिली.

"बाई, एक विचारू? उजवी बाही धड आहे, मग डाव्या कोपरालाच एवढं रफू का?"

हिसानोनं कोपर वळवून पाहिलं. बोटाच्या पेराएवढी ती जागा दर दोन-तीन वर्षांनी विरत असे. तिनं सतरा वेळा रफू केलं होतं. "तिथे झिजतं," ती म्हणाली. "वापर आहे ना."

मियोरीनं मान डोलावली, जणू यात नवल असं काहीच नव्हतं.

दिवा लागला. हिसानो उजवीकडे उभी राहिली, डावी बाजू मोकळी ठेवून. वास आला. बोट टेकलं, ती बोलली. पुन्हा टेकलं, पुन्हा बोलली. दर वाक्यागणिक कागद कमी होत गेले. शेवटच्या पानावर एकच वाक्य उरलं. आजोबा दरी उतरून बाजाराला निघालेत, आणि मामेता दुकानाच्या पायरीवरून त्यांना हाक मारतो.

बोट टेकलं. एकदा.

"आजोबा, चहा ठेवून देतो. याल तेव्हा गरम करीन."

आवाज सात वर्षांचाच होता. कुठे तडा नाही, खोकला नाही. पडद्यावर मामेता हात हलवत राहिला. लाल दिवा अजून तसाच होता. तो असेपर्यंत कुणी हलायचं नाही, हुंकारायचंही नाही. हिसानो कागदाकडे पाहत उभी राहिली. संपलं, तिच्या मनात आलं. तुझा शेवटचा भाग नसेल, तोकुजी, पण माझा हाच.

कोपराला बोट टेकलं.

वाक्य तर उरलं नव्हतं. तिनं श्वास धरला. बोट पुन्हा टेकलं. थांबायचं? ती थांबली. आणि मग, इतकं हलकं की लोकरीला कळलं असेल नसेल, तिसऱ्यांदा.

तिचे डोळे वाहू लागले. हुंदका घशात आला. त्रेचाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं तो आतच धरला. अश्रू जाकिटावर पडले. लोकर आवाज करत नाही. तिनं डावा हात उचलला, शेजारी उंच माणसाचं कोपर असावं तिथे, रिकाम्या हवेत, आणि आपलं बोट टेकवलं. एकदा… दोनदा… तीनदा. हवा तिथे गार होती, आणि बोटाखाली किंचित दबली.

दिवा विझला.

मग भोंग्यातून मोरिवाकींचा घोगरा आवाज आला. "बाई, आजचा श्वास मी कापत नाही."

मंडळी उठली, वाकली, कुणी फुलं दिली. तिथे काम आटोपून जाणाऱ्याला म्हणायचं एक वाक्य आहे, ते सगळ्यांनी म्हटलं. हिसानोनं कागद आवरले. एकदा डावीकडे पाहिलं. गालिचा दबलेला नव्हता. इथेच राहिला का हा? की गेलाच, सांगायचं ते सांगून? ती दाराशी आली.

मियोरी तत्परतेनं उठली, खांदा लावून दार उघडलं, कमरेत वाकली आणि तेच वाक्य म्हणाली. "पुष्कळ दमलात, बाई. आता विश्रांती घ्या."

हिसानो बाहेर पडली. जिन्यावरून संध्याकाळचा उजेड आणि पावसाचा वास खाली येत होता. दार लागल्याचा आवाज मात्र येईना, म्हणून तिनं वळून पाहिलं.

मियोरीनं दार तसंच उघडं धरून ठेवलं होतं. दार जड होतं, पण ती थांबली होती, मागून अजून कुणीतरी यायचं असावं तशी. मग तिनं मान वर केली, हिसानोच्या डोक्याच्याही वर, एखाद्या उंच माणसाच्या तोंडाकडे पाहावं इतकी. बाजूला सरून वाट दिली, पुन्हा एकदा कमरेत वाकली, "पुष्कळ दमलात, आता विश्रांती घ्या," म्हणाली, आणि मगच दार अलगद ओढून घेतलं.